'जेम प्रकरण' लिहिणारी इतिहासकार

१९३१ साली इस्तंबूलहून जुन्या कागदांचे गठ्ठे बल्गेरियाकडे निघाले. तुर्कस्तानच्या अर्थखात्याने ते रद्दी म्हणून वजनावर विकले होते. घेणारी होती बल्गेरियातली एक कागद गिरणी, आणि तिथे त्यांचा लगदा होणार होता. ही 'रद्दी' म्हणजे उस्मानी, म्हणजेच ऑटोमन साम्राज्याच्या खजिन्याचे हिशेब, जमिनींच्या नोंदी, फर्मानं, तक्रारअर्ज. इस्तंबूलमधल्या जाणकारांनी आरडाओरडा केला, प्रकरण वर्तमानपत्रांत गेलं. आपल्या दारात काय येऊन पडलंय हे बल्गेरियातही लोकांच्या ध्यानात आलं आणि बहुतेक कागद लगदा होण्याआधी सोफियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचले. वाण्याच्या पुडीतून ऐतिहासिक पत्रं सोडवून आणल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्या ग्रंथालयाच्या पौर्वात्य विभागात १९५०च्या दशकात एक तरुण बाई हे कागद वाचायला बसायची. नाव वेरा मुताफ्चिएवा. पुढे उस्मानी काळाच्या बल्गेरियातल्या अव्वल अभ्यासकांत त्यांची गणना झाली आणि ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून त्यांचं नाव बल्गेरियाबाहेरही गेलं. या दोन ओळखी वेगळ्या नाहीत, असं मला त्यांच्याबद्दल वाचताना सतत वाटत राहिलं. 'जेम प्रकरण' या त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीची रचनाच मुळी दप्तरखान्यात बसून कागद तपासणाऱ्या माणसाच्या सवयीतून आली आहे. ती सवय नेमकी काय, आणि तिच्यातून कादंबरी कशी उभी राहते, हे सांगायचा हा प्रयत्न.

दप्तर हा शब्दच बघा. आपल्याकडे तो फारसीतून आला : आधी सरकारी कागदपत्रांसाठी, मग पोरांच्या शाळेच्या पिशवीसाठी. तुर्कीत तोच 'देफ्तेर' आणि बल्गेरियनमध्ये 'तेफ्तेर', म्हणजे वही. दुकानाला बल्गेरियन माणूस 'द्युक्यान' म्हणतो, तव्याला 'तावा', खिशाला 'जोब'. आणि उस्मानी राज्यातल्या कर भरणाऱ्या सामान्य प्रजेसाठी त्यांच्या इतिहासात जो शब्द येतो तो आहे 'राया', आपली 'रयत'. दोन्हीकडे राज्यकारभाराची भाषा फारसी-अरबी शब्दांनी भरलेली होती, म्हणून हे घडलं. मुताफ्चिएवा हे आडनावही त्याच काळाचं : 'मुताफ्ची' म्हणजे बकरीच्या केसांची जाडीभरडी वस्त्रं विणणारा कारागीर. आडनावच तुर्की धंद्यावरून पडलेल्या बाईने आयुष्यभर तुर्की दप्तरं वाचली.

वेरा यांचा जन्म २८ मार्च १९२९चा, सोफियातला. वडील पेतर मुताफ्चिएव्ह बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, इतिहासाचे नामवंत प्राध्यापक. ते १९४३ मध्ये वारले तेव्हा मुलगी चौदा वर्षांची होती. वर्षभरातच, सप्टेंबर १९४४ मध्ये, सोव्हिएत फौजा बल्गेरियात आल्या, कम्युनिस्टांच्या हाती सत्ता गेली आणि वडिलांच्या लेखनावर राष्ट्रवादी, जात्यंध असा शिक्का बसला. ज्या घरात इतिहास हाच घरचा व्यवसाय होता, त्या घरातल्या मुलीने सत्ता बदलताच इतिहास कसा बदलतो हे पंधराव्या वर्षी पाहिलं. तिने तरीही सोफिया विद्यापीठात इतिहासच घेतला आणि १९५१ मध्ये पदवी मिळवली. कित्येक वर्षांनी, १९८७ मध्ये, वडिलांचं बल्गेरियन लोकांविषयीचं हस्तलिखित अखेर छापलं गेलं.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय मुताफ्चिएवांचं वेगळेपण कळणार नाही.

बल्गेरियाचं मध्ययुगीन राज्य चौदाव्या शतकाच्या शेवटी बुडालं. राजधानी तर्नोवो १३९३ मध्ये पडली, १३९६ मध्ये विदिनही गेलं. नवं बल्गेरियन राज्य उभं राहिलं ते १८७८ मध्ये, रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर. मधली जवळजवळ पाचशे वर्षं उस्मानी सत्तेची. लोकांच्या बोलण्यात या काळाला 'तुर्की गुलामी' म्हणतात, नाहीतर 'जोखड'. इवान वाझोव्ह यांची 'जोखडाखाली' ही १८७६च्या उठावावरची कादंबरी तिथे प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. नव्याने स्वतंत्र झालेल्या छोट्या देशाने आपल्या दुःखाची आणि शौर्याची गोष्ट कादंबरीत सांगावी हे अगदी स्वाभाविक आहे. आपणही तेच केलं आहे.

पण या प्रकाराला एक धोका चिकटलेला असतो. गोष्ट जितकी लाडकी, तितका तिच्याखालचा कागद कोणी तपासत नाही. १९६४ मध्ये आंतोन दोंचेव्ह यांची एक कादंबरी आली, रोडोपी डोंगरातल्या सतराव्या शतकातल्या सक्तीच्या धर्मांतराची. कादंबरी जोरकस आहे आणि अफाट खपली. तिच्या मुळाशी मात्र एका खेड्यातल्या पाद्र्याने लिहून ठेवल्याचं सांगितलं जाणारं टिपण होतं, आणि ते टिपण एकोणिसाव्या शतकात कोणीतरी रचलेलं आहे असं अनेक अभ्यासकांचं मत झालं आहे. १९८४-८५च्या हिवाळ्यात बल्गेरियन सरकारने आपल्याच देशातल्या तुर्क नागरिकांची नावं बळजबरीने बदलली. १९८९च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक सामान बांधून तुर्कस्तानात गेले. या दोन्हींच्या मध्ये, १९८८ मध्ये, दोंचेव्हांच्या कादंबरीवरचा चित्रपट आला. कादंबरीमुळे हे सगळं घडलं असं मी म्हणत नाही. पण भूतकाळाची कोणती गोष्ट कोणत्या वेळी सांगितली जाते, याला त्या देशात किती वजन होतं ते यावरून समजतं.

मुताफ्चिएवांनी १९६२ मध्ये पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या उस्मानी शेतजमिनीच्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. विषय ऐकूनच माणूस दचकेल, पण मराठी वाचकाला तो समजायला सोपा आहे. उस्मानी राज्यात बरीचशी शेतजमीन तत्त्वतः सुलतानाची. एखाद्या गावाचा किंवा गावांचा महसूल घोडेस्वाराला लावून दिला जायचा. त्या नेमणुकीला म्हणत 'तिमार' आणि स्वाराला 'सिपाही'. बदल्यात त्याने घोडा आणि हत्यार बाळगायचं, आपल्या उत्पन्नाच्या मानाने माणसं घेऊन मोहिमेवर यायचं. चाकरी चुकली की तिमार गेला. म्हणजे आपल्याकडचा सरंजाम, वतन नव्हे. याखेरीज 'वक्फ' असायचे : मशिदी, मदरसे, धर्मशाळा, पूल यांच्या खर्चासाठी कायमचं लावून दिलेलं उत्पन्न. आणि काही खाजगी मालकीच्या जमिनी. एका गावावर असे निरनिराळे हक्क एकमेकांवर चढलेले असायचे, आणि शेतकऱ्याचं आयुष्य सोपं की अवघड हे त्यातला कोणता हक्क त्याच्या वाट्याला आला यावर ठरायचं.

हे कळतं ते दप्तरांतून. दर काही वर्षांनी कारकून गावोगाव फिरून नोंदी करायचे : किती उंबरे, किती अविवाहित तरुण, किती विधवा. ख्रिस्ती कुटुंबप्रमुखाकडून वर्षाला २५ आक्चे, म्हणजे चांदीची छोटी नाणी, हा एक ठरावीक कर. घर चालवणाऱ्या विधवेकडून ६. तिच्या नावापुढे लिहिलेलं असतं 'बीवे', आपल्या ओळखीचा 'बेवा'. शिवाय गहू, द्राक्षबागा, मधमाश्यांची पोळी, डुकरं, मेंढ्या, सगळ्यांचे आकडे. अशी पानामागून पानं वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर 'तुर्क विरुद्ध बल्गेरियन' असं दोन रंगांचं चित्र टिकणं कठीण. त्याला दिसतो लाचखाऊ कारकून, कर्जात बुडालेला मुसलमान सिपाही, वक्फाच्या जमिनीवर इतरांपेक्षा सुखात असलेलं ख्रिस्ती गाव, आणि अर्थातच नागवला गेलेला शेतकरीही. अत्याचार दिसत नाहीत असं मुळीच नाही. ते कोणी केले, कशासाठी केले, त्यातून कोणाचा खिसा भरला, हेही त्यांच्यासोबत दिसायला लागतं.

आणि दुसरी एक गोष्ट दिसते, कादंबरीकारासाठी जास्त महत्त्वाची. दप्तरात विधवेचा आकडा आहे, पण ती एक शब्द बोलत नाही. बोलतो कारकून. कुठलाही कागद हाती आला की आधी विचारायचं : हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि यात कोणाला बोलू दिलेलं नाही? ही ती दप्तरखान्यातली सवय.

त्यांची पहिली मोठी कादंबरी, 'अंदाधुंदीच्या काळाची बखर' असं जिच्या नावाचं मराठीकरण करता येईल, १९६५-६६ मध्ये दोन भागांत आली. काळ अठराव्या शतकाची अखेर आणि एकोणिसाव्याची सुरुवात. उस्मानी केंद्रसत्ता खिळखिळी झालेली आणि बाल्कनमध्ये 'कर्जाली' नावाच्या लुटारू टोळ्यांचा सुळसुळाट. आपल्याकडे जवळपास याच वर्षांत पेंढारी होते. तुलना ताणू नये, पण बेकार सैनिक, दुबळं सरकार आणि लुटीवर चालणारी फौज हे सूत्र ओळखीचं वाटतं. विदिनचा उस्मान पाझवानतोग्लू हा या काळाचा सगळ्यात चमत्कारिक माणूस. त्याने सुलतान तिसऱ्या सेलीमविरुद्ध बंड केलं. १७९८ मध्ये त्याच्यावर प्रचंड फौज चालून गेली आणि किल्ला न घेताच परतली. त्याच वर्षी नेपोलियन इजिप्तमध्ये उतरल्याने सुलतानाला दुसरीकडे बघणं भाग पडलं आणि बंडखोर माफीसकट पाशा झाला. विदिनमध्ये त्याने बांधलेल्या मशिदीच्या शिखरावर चंद्रकोरीऐवजी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं चिन्ह आहे, ते आजही पाहायला मिळतं.

याच धामधुमीत व्रात्साचा बिशप सोफ्रोनी भरडला गेला. मूळ नाव स्तोयको व्लादिस्लावोव्ह, जन्म १७३९. त्याने आपली हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे. खंडणी, मारहाण, पळापळ, थंडी, विदिनमध्ये अडकून काढलेली तीन वर्षं. भाषा साधी, रोजच्या बोलण्यातली, आणि स्वतःची भीती न लपवणारी. १८०६ मध्ये आधुनिक बल्गेरियनमधलं पहिलं छापील पुस्तक आलं तेही याच माणसाचं. मुताफ्चिएवांनी १९७८ मध्ये त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, आणि त्याच सुमाराला कर्जालींच्या काळावर संशोधनग्रंथही. एकाच कागदांच्या गठ्ठ्यातून एक पाऊल ग्रंथाकडे, एक कादंबरीकडे, असा त्यांचा प्रवास होता.

आता 'जेम प्रकरण'. १९६७ची ही कादंबरी त्यांची सर्वोत्तम मानली जाते, आणि मलाही तसंच वाटतं. पण घटनांचा धागा हातात नसेल तर वाचक पन्नास पानांत हरवतो, म्हणून तो आधी सोडवून घेऊ.

३ मे १४८१ रोजी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जिंकणारा सुलतान दुसरा मेहमेद छावणीत मरण पावला. मुलगे दोन. थोरला बायझीद, तिशी ओलांडलेला, अमास्याचा सुभेदार. धाकटा जेम, एकवीस वर्षांचा, कोन्याचा सुभेदार, कवी, देखणा, शिकारीचा शौकीन. उस्मानी घराण्यात थोरल्याला गादी असा नियम नव्हता. राजधानीत जो आधी पोचेल आणि ज्याच्यामागे जानिसारी, म्हणजे सुलतानाची खडी फौज, उभी राहील तो सुलतान. खुद्द मेहमेदाच्या कायदेपुस्तकात असं कलम होतं, की गादीवर बसणाऱ्याने जगाची घडी राखण्यासाठी भावांना मारलं तर ते योग्य. म्हणजे शर्यत गादीची होती तशीच जीव वाचवण्याचीही.

वजीर करामानी मेहमेद पाशा जेमच्या बाजूचा. त्याने सुलतानाचा मृत्यू लपवून जेमकडे जासूद पाठवले. ते वाटेत पकडले गेले, बातमी फुटली, जानिसाऱ्यांनी वजिराला ठार केलं आणि बायझीद आधी पोचला. जेमने बुर्सा शहर घेतलं, स्वतःच्या नावाचं नाणं पाडलं, १८ दिवस राज्य केलं. भावाला निरोप धाडला : युरोपचा भाग तू घे, आशियाचा मला दे. बायझीदाने नाकारलं. येनीशेहीरच्या लढाईत जेम हरला, कैरोला मामलूक सुलतानाच्या आश्रयाला गेला, मक्केची यात्रा करून आला, परतून पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा हरला. जुलै १४८२ मध्ये तो ऱ्होड्स बेटावर उतरला, सेंट जॉनच्या लढवय्या धर्मसंघाकडे. अट अशी ठरली होती की त्यांनी त्याला युरोपमार्गे बाल्कनमध्ये पोचवायचं, म्हणजे तिथून तो पुन्हा लढू शकेल.

इथून पुढे तो कधीच मोकळा झाला नाही.

धर्मसंघाचा प्रमुख पियेर दोब्युसाँ याने बायझीदाशी वेगळा करार केला. जेमला सोडायचं नाही, आणि त्याबद्दल सुलतानाने वर्षाला सुमारे ४०,००० सोन्याचे डुकाट द्यायचे. नाव 'त्याच्या खर्चासाठी'. जेमला फ्रान्सला नेलं गेलं. नीस, सव्हॉय, मग एकामागून एक गढ्या, आणि शेवटी बुर्गानफ गावात खास त्याच्यासाठी बांधलेला बुरूज. तो बुरूज अजून उभा आहे आणि लोक त्याला 'झिझिमचा बुरूज' म्हणतात. झिझिम म्हणजे जेमचं फ्रेंच तोंडात बसलेलं रूप. हंगेरीचा राजा, नेपल्सचा राजा, कैरोचा सुलतान, पोप, प्रत्येकाला जेम हवा होता, कारण तो ज्याच्या ताब्यात त्याच्यावर बायझीद चाल करणार नाही. १४८९ मध्ये बाजी पोप आठव्या इनोसंटने मारली. दोब्युसाँला कार्डिनलपद मिळालं, वार्षिक रकमेचा ओघ रोमकडे वळला. १४९२ मध्ये सुलतानाने पोपला त्याच्याही पलीकडची भेट पाठवली : येशूच्या कुशीत खुपसला गेला असं मानला जाणारा भाला. एक मुसलमान सुलतान ख्रिस्ती धर्मगुरूला ख्रिस्ताचा अवशेष देतो, कशाबद्दल, तर सख्ख्या भावाला कोंडून ठेवल्याबद्दल.

१४९४च्या शेवटच्या दिवशी फ्रान्सचा आठवा चार्ल्स फौजेसह रोममध्ये आला आणि जानेवारी १४९५ मध्ये जेमला सोबत घेऊन गेला. महिन्याभरात, २५ फेब्रुवारीला, जेम वारला. वय ३५. विषप्रयोगाची कुजबूज तेव्हापासून आजतागायत चालू आहे. मेल्यावरही त्याच्या देहाची घासाघीस चार वर्षं चालली. १४९९ मध्ये तो बुर्सात पोचला, जिथे त्याने १८ दिवस राज्य केलं होतं. मागे राहिलेला त्याचा एक मुलगा ऱ्होड्सवर राहत होता. १५२२ मध्ये बायझीदाचा नातू सुलेमान याने ते बेट जिंकलं तेव्हा त्या मुलालाही मारण्यात आलं. एवढ्या वर्षांनीही प्रकरण मिटलेलं नव्हतं.

असा विषय हातात आला की सरळ मार्ग एकच : दुर्दैवी राजपुत्राची करुण कहाणी रंगवायची. प्रेम, बुरूज, कविता, विष. मुताफ्चिएवांनी ते केलं नाही. त्यांनी कोर्ट भरवलं. कादंबरीत निवेदक नाही, आहेत फक्त साक्षी. मेलेली माणसं एकेक करून उठतात आणि इतिहासाच्या न्यायालयापुढे जबानी देतात : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मी काय पाहिलं. पहिली जबानी त्या ठार झालेल्या वजिराची. जेमचा सोबती आणि कवी सादी पुन्हा पुन्हा साक्षीला येतो. धर्मसंघाचे सरदार येतात. प्रत्येकाला आपल्या मरणानंतर काय झालं हेही ठाऊक आहे, त्यामुळे ती माणसं आपल्याशी, विसाव्या शतकातल्या वाचकाशी, सरळ बोलतात.

या रचनेने तीन गोष्टी साधतात. एक, लेखिकेला खोटं 'मी सगळं पाहत होते' असं सोंग घ्यावं लागत नाही. इतिहासकाराला माहीत असतं की तिच्याकडे फक्त साक्षी आहेत आणि साक्षीदाराला स्वार्थ असतो. दोन, वाचक आपोआप न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. सरदार म्हणतो, आम्ही त्याला जपलं. सादी सांगतो ते ऐकून आपल्याला कळतं की 'जपलं' म्हणजे काय. कोण खोटं बोलतंय हे लेखिका सांगत नाही, आपण दोन जबान्या शेजारी ठेवून ताडतो, अगदी तसंच जसं ती दोन दप्तरं शेजारी ठेवत असे. तिसरी गोष्ट मला सगळ्यात हलवून गेली. जेम स्वतः साक्ष देत नाही. सगळं पुस्तक त्याच्याबद्दल आणि त्याचाच आवाज नाही. ज्याच्या नावावर करार झाले, पैसे फिरले, पदं मिळाली, त्याला कोणी काही विचारलंच नाही. दप्तरातल्या त्या विधवेसारखा तोही एक नोंद होऊन बसतो.

कादंबरीचा राजकीय मुद्दाही समजून घ्यायला हवा. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या मुत्सद्द्यांनी 'पूर्वेचा प्रश्न' असा शब्द रूढ केला : उस्मानी साम्राज्याचं काय करायचं, त्याचे तुकडे कोणी घ्यायचे. मुताफ्चिएवा म्हणतात, या प्रश्नाचा पहिला अंक जेमच्या वेळीच झाला. युरोपच्या हातात असा हुकमाचा पत्ता होता की बाल्कनमध्ये बायझीदाला पेच पडला असता. पण प्रत्येक दरबाराने तो स्वतःच्या फायद्यासाठी दाबून धरला, सुलतानाकडून पैसे खाल्ले आणि वेळ काढली. त्या वेळकाढूपणाची किंमत बाल्कनच्या लोकांनी पुढची चारशे वर्षं मोजली. हा युक्तिवाद आहे, सिद्धांत नव्हे, त्यावर वाद घालता येईल. पण बघा, बल्गेरियाच्या 'जोखडा'ची गोष्ट सांगताना त्यांनी नायक म्हणून एक तुर्क राजपुत्र घेतला आणि दोषाचं बोट सुलतानापुरतं न ठेवता पश्चिमेच्या दरबारांकडेही वळवलं. १९६७च्या बल्गेरियात हे धाडसाचं होतं.

आणखी एक थर आहे. तेव्हाच्या कम्युनिस्ट बल्गेरियाची सरहद्द काटेरी तारांची होती. पळून गेलेला माणूस देशद्रोही ठरायचा आणि पलीकडे गेल्यावर शीतयुद्धाच्या पटावरची सोंगटी व्हायचा. जेमची गोष्ट परागंदा माणसाची गोष्ट आहे : मायभूमीबाहेर पाऊल टाकलं त्या क्षणी तो 'कोण' राहत नाही, 'कोणाचा' होतो. बल्गेरियन वाचकांनी हे बरोबर ओळखलं. कादंबरीचं इंग्रजी भाषांतर मात्र २०२४ उजाडेपर्यंत आलं नव्हतं. ते केलं अँजेला रोडेल यांनी, ज्यांना आदल्याच वर्षी बल्गेरियन कादंबरीकार गेओर्गी गोस्पोदिनोव्ह यांच्यासह आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं होतं.

बाकीचं लेखन भराभर सांगतो. मध्ययुगीन बल्गेरियाच्या शेवटच्या शिश्मान राजांवर एक कादंबरी, प्राचीन अथेन्सच्या अल्किबियाडिसवर दोन. १९८० मध्ये खान अस्परुखवर एक, कारण ६८१ मध्ये त्याने स्थापलेल्या राज्याला १३०० वर्षं होत होती आणि सरकार तो सोहळा धूमधडाक्याने करत होतं. १९८१च्या 'खान अस्परुख' या भव्य चित्रपटाची पटकथाही त्यांचीच. मला हा त्यांच्या कामाचा कमी जवळचा भाग वाटतो. सरकारी उत्सवाला शंका नको असते, आणि शंका हेच तर त्यांचं बळ.

१९९१च्या 'मी, आना कोम्निना'मध्ये मात्र त्या पुन्हा आपल्या जागी परततात. आना ही बायझंटाइन सम्राट अलेक्सियोस याची मुलगी, बाराव्या शतकातली, वडिलांच्या कारकिर्दीचा मोठा इतिहास लिहिणारी. तिच्या आईची आई बल्गेरियन राजवंशातली होती. एका इतिहासकार बापाची इतिहासकार मुलगी दुसऱ्या बापाच्या मुलीबद्दल लिहिते, जिने बापाचं चरित्र लिहिताना स्वतःबद्दल फार थोडं बोलू दिलं. इथेही प्रश्न तोच : कागदावर काय आलं नाही?

राजवट कोसळल्यावर १९९०च्या दशकात त्या बल्गेरियन विज्ञान अकादमीच्या उपाध्यक्ष झाल्या. नंतर आठवणींचे खंड लिहिले, 'बिवालित्सी' या नावाने, म्हणजे साधारण 'होऊन गेलेल्या गोष्टी'. २००८ मध्ये गुप्त पोलिसांची कागदपत्रं उघड करणाऱ्या सरकारी आयोगाने जाहीर केलं की मुताफ्चिएवा जुन्या राजवटीच्या राज्य सुरक्षा खात्याच्या सहकारी होत्या. त्यांच्या वाचकांना जबर धक्का बसला. पुढच्याच वर्षी, ९ जून २००९ रोजी, त्यांचं निधन झालं.

हे वगळून त्यांच्याबद्दल लिहिणं मला अप्रामाणिक वाटलं असतं. वडिलांच्या नावावर शिक्का, हातात लेखणी, आणि परवानगीशिवाय ग्रंथालयाचं दारही न उघडणारी राजवट. यात माणूस कशाला होकार देतो हे मी इथे बसून ठरवणार नाही. तो होकार क्षुल्लक होता असंही म्हणणार नाही, कारण अशा खात्यांना दिलेल्या माहितीची किंमत दुसरं कोणीतरी मोजत असतं. मी एवढंच केलं की त्यानंतर 'जेम प्रकरण' पुन्हा वाचायला घेतलं. त्यात जेमला कोंडून ठेवणारे, विकणारे, त्याच्यावर नजर ठेवणारे सगळे साक्षीला येतात आणि प्रत्येकाकडे सबळ कारण असतं. पहिल्या वाचनात मी ती कारणं घाईने ओलांडली होती. दुसऱ्या वेळी सरदारांच्या जबान्यांपाशी जास्त वेळ थांबलो.